लाल गाडीचा विटलेला रंग: कळंबोलीतलं एक प्रकरण

गाडी २०१३ सालची, लाल हॅचबॅक. मालक आमच्याच सोसायटीतले एक काका, तळोजा एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. इंजिन ठणठणीत, किलोमीटर जेमतेम साठ हजार, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. रंगाची मात्र पार रया गेली होती. बॉनेट पांढुरकं पडलेलं, दारांचा लाल विटकरीकडे झुकलेला, डिकीवर पाण्याच्या थेंबांची पांढरी वर्तुळं आणि टपाच्या मागच्या भागात चक्क पोपडे. एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पूर्ण गाडी रंगवायचे ४५ हजार सांगितले. एका डिटेलिंगच्या दुकानाने पॉलिश आणि वरून ‘नाइन-एच सिरॅमिक’ कोटिंगचा थर असं २२ हजारांचं पॅकेज लिहून दिलं. काकांना दोन्ही पटेना, आणि ते बरोबरच होतं. २०२८ मध्ये नोंदणीला पंधरा वर्षं पुरी होणार, मग फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर हे सगळं मागे लागणार. अशा गाडीवर एवढे पैसे घालताना माणूस चार वेळा विचार करणारच.

“घरच्या घरी काही होण्यासारखं आहे का गं?” त्यांनी विचारलं.

माझी नोकरी रबाळ्याला, कोटिंगच्या तपासणीची. पत्र्यावर थर किती बसला, कुठे कमी पडला, कुठून सुटेल हे पाहणं रोजचं काम. घरच्या गाड्यांचा रंग राखायची आवड त्यातूनच लागली. काकांना मी लगेच हो म्हटलं नाही. “आधी गाडी नीट बघू द्या, मग सांगते,” एवढंच म्हणाले.

गाडीचा रंग गेला असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. रंगावर बसलेलं, रंगात उमटलेलं आणि रंगातून कायमचं गेलेलं. पहिलं धुऊन उतरतं. दुसरं पॉलिशने कमी होतं, पण त्याची किंमत रंगाच्या थरातून मोजावी लागते. तिसऱ्याला पॉलिशचा काडीचा उपयोग नाही. कोणतं पॉलिश घेऊ हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे, आणि या गाडीने तेच दाखवलं.

मोजल्याशिवाय हात लावायचा नाही

कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या एका पानाएवढी जाडी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. तुकतुकी दिसते ती याच थराची, आणि ऊन झेलतो तोही हाच. पॉलिश करणं म्हणजे याच थराचा वरचा अंश घासून काढणं. तो पुन्हा येत नाही. त्यामुळे आपल्या हातात खर्चायला किती आहे ते आधी माहीत हवं.

थर मोजायचं गेज माझ्याकडे होतं. बॉनेटवर १०५ ते ११२ मायक्रॉन, पुढच्या दारांवर ११० ते ११८, टपाच्या पुढच्या भागात शंभरच्या अल्याडपल्याड. पोपडे सुटलेल्या जागी ६० ते ७०. क्लिअर कोट तिथून उडून गेला होता हे आकड्यानेच सांगितलं. डाव्या मागच्या दारावर मात्र २४० ते २९०.

“काका, हे दार कधी रंगवून घेतलं होतं?”

काका बघतच राहिले. “अगं हो, पनवेलला स्टँडजवळ रिक्षा घासली होती. त्याला झाली की सहा-सात वर्षं. तुला कसं कळलं?”

गेज नसेल तरी हे ओळखता येतं. दाराच्या रबरी बीडिंगवर रंगाचे बारीक तुषार उडालेले असतात, बिजागरीच्या स्क्रूवरचा रंग पान्याने फुटलेला असतो आणि प्रतिबिंबात पत्र्यावरची संत्र्याच्या सालीसारखी खरखर बाजूच्या दारापेक्षा वेगळी दिसते. जुनी गाडी विकत घेतानाही हे पाहावं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे गेज चालत नाही, तिथे डोळ्यांवरच भिस्त.

मग तीन साध्या चाचण्या, कोणालाही जमतील अशा. दूध येतं तसली पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या पत्र्यावरून हलकेच बोटं फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारं बॉनेट पिशवीतून खरखरीत लागलं, आणि उजवीकडची दारं तर पॉलिश-पेपरइतकी. म्हणजे वर काहीतरी घट्ट बसलं होतं. दुसरी चाचणी पाण्याची. निस्तेज जागेवर पाणी टाकल्यावर रंग क्षणभर उजळला तर दोष वरवरचा, कारण पाणी बारीक चरे तात्पुरते भरून काढतं. बॉनेट आणि दारं ओली होताच लालभडक झाली. ते पाहून काकांचा चेहरा खुलला. टपाच्या पोपड्यांची कड मात्र ओली असतानाही तशीच दिसत होती.

तिसरी चाचणी पांढऱ्या सुती चिंधीवर पॉलिशचा थेंब घेऊन कोपऱ्यात घासायची. चिंधी करडी झाली तर वर क्लिअर कोट शाबूत आहे, रंग चिंधीवर आला तर आपण थेट रंगच घासतोय. काही जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर मुळात क्लिअर कोट नसायचाच. तिथे चिंधीवर रंग येणं हा दोष नव्हे, पण आपण काय काढतोय याचं भान हवं. इथे बॉनेटवर चिंधी करडी निघाली, पोपड्यांच्या जागी लाल.

हे झालं कसं

काका उन्हाला बोल लावत होते. ऊन दोषी आहेच. लाल रंगाची बरीचशी रंगद्रव्यं प्रकाशाने हळूहळू मोडतात, पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड टिकतं. म्हणून एकाच वयाच्या दोन गाड्यांत लाल आधी विटते. पण या गाडीचं बहुतेक नुकसान उन्हाने केलेलं नव्हतं.

मोठा वाटा रोजच्या पुसण्याचा. सोसायटीत गाड्या पुसायला येणारा मुलगा पहाटे साडेपाचला सुरुवात करतो आणि लोक ऑफिसला निघायच्या आत वीसेक गाड्या उरकतो. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीच्या चाकाला लागलेली वाळू पाचव्या गाडीच्या बॉनेटवर फिरते. त्यात त्याचा दोष नाही. एवढ्या पैशात, एवढ्या वेळात दुसरं काही होणं शक्यच नाही, आणि रोज पुसलं नाही तर तक्रार आपणच करतो. मोबाइलचा टॉर्च दारावर धरला की प्रकाशाभोवती गोल फिरणाऱ्या बारीक चऱ्यांची जाळी दिसते, ती या फडक्याची. असे हजारो चरे प्रकाश विखुरतात आणि डोळ्याला रंग विटलेला वाटतो.

दुसरं, गाडीवरचं कव्हर. काका काळजीने रोज रात्री कव्हर घालायचे, पण धुळीच्या गाडीवर. वाऱ्याने कव्हर हलतं, खालची धूळ घासत राहते. फेंडरच्या कडेला, जिथे इलॅस्टिक ताणून बसतं, तिथे पट्टाच्या पट्टा मंद झाला होता. पावसाळ्यात तर कव्हरखाली ओल कोंडते. उघड्यावर राहणाऱ्या गाडीला कव्हर घालायचं तर स्वच्छ आणि कोरड्या गाडीवर, नाहीतर नकोच.

तिसरं, पाणी. गाडी धुवायचा खालचा नळ बोअरचा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर धरलं तर नऊशेच्या वर, घरातल्या पिण्याच्या पाण्याचा शंभराच्या आत. टीडीएस म्हणजे निव्वळ कठीणपणा नव्हे, पण डिकीवरची पांढरी वर्तुळं कुठून आली हे कळायला तेवढं पुरे होतं. थेंब सुकतो, पाणी उडतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तिथेच राहतात.

आणि चौथं खास आमच्या भागातलं. कळंबोलीचा लोखंड बाजार, तिथली पत्रे-सळ्यांची कापाकापी, त्यात महामार्गावरच्या अवजड गाड्यांच्या ब्रेकची धूळ. लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण पत्र्यावर बसतात, दमट हवेत गंजतात आणि क्लिअर कोटमध्ये रुततात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस ठिपके म्हणून दिसतात, लाल गाडीवर लपून राहतात. पिशवीतून उजवी बाजू जास्त खरखरीत का लागली, ते गाडी उभी कशी राहते हे पाहिल्यावर कळलं. उजवी बाजू रस्त्याकडे, डावी भिंतीकडे.

आधी उतरवणं

काम डिसेंबरात काढलं. हवा कोरडी, पत्रा सकाळी गार. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू, केमिकल, पॉलिश सगळं सुकून बसतं, म्हणून पत्र्याला हाताची मागची बाजू लावून पाहायची. ऊब लागली की त्या दिवसाचं काम थांबवायचं. काकांच्या गाडीवर ऊन साडेनऊला येतं, तोवर जे होईल ते.

पहिली धुलाई दोन बादल्यांनी. एकीत कारचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी घासायचं नाही, नुसतं पाणी ओतून सुटी माती वाहू द्यायची. मग लांब केसांचा मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं, प्रत्येक भागानंतर तो साध्या पाण्यात खळबळायचा. खालच्या पट्ट्या आणि बंपरचा तळ सगळ्यात शेवटी, चाकांना वेगळं फडकं. दुसऱ्या बादलीच्या तळाला जो गाळ जमला तो काकांना मुद्दाम दाखवला. एरवी हाच गाळ बॉनेटवर फिरत असतो. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा लिक्विड साबण टाळला. त्यांनी रंग लगेच खराब होतो असं नाही, पण वॅक्सचा थर निघून जातो आणि रबर कोरडं पडतं.

मग आयर्न रिमूव्हर. लोखंडाच्या कणांशी याची प्रक्रिया होऊन ते विरघळतात आणि जांभळा रंग उमटतो. हातमोजे, मास्क, मोकळी हवा हे तिन्ही हवंच, वास सडक्या अंड्यांचा येतो. डाव्या बाजूला फवारलं तर फारसं काही झालं नाही. उजव्या मागच्या दारावर फवारलं आणि मिनिटाभरात दाराच्या मधल्या रेषेपासून काळपट जांभळे ओघळ सुटले, हँडलच्या खाली एकत्र होऊन उंबऱ्यापर्यंत आले. लाल रंगावर जांभळा एरवी उठून दिसत नाही, पण इथे खाली ठेवलेल्या पांढऱ्या फडक्यावर ठिबकून ते जांभळट झालं. काकू वरून गॅलरीतून बघत होत्या, त्या ओरडल्या, “अहो, रंग उतरतोय!” रंग नव्हता तो, बारा वर्षांचं लोखंड होतं. दोन-तीन मिनिटांत, सुकायच्या आत, भरपूर पाण्याने धुऊन टाकलं आणि उजव्या बाजूला तेच पुन्हा एकदा केलं.

डांबराचे ठिपके चाकांमागे होते. चिंधीवर थोडं टार रिमूव्हर, एक मिनिट दाबून धरायचं, पुसायचं, लगेच शॅम्पूने धुवायचं. दिवाळीआधी रॉकेलचा बोळा अख्ख्या गाडीवरून फिरवायची जुनी पद्धत काकांकडेही होती. त्याने दोन दिवस चकाकी येते, कारण तेलाचा पापुद्रा चरे झाकतो. मग त्याच तेलावर धूळ चिकटते आणि पुसताना नवे चरे पडतात.

डिकीवरच्या क्षारांच्या वर्तुळांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. ओली चिंधी वर्तुळांवर मिनिटभर ठेवली, उचलली, धुतली. बहुतेक वर्तुळं गेली. काहींची कड राहिली, म्हणजे क्षार वर नव्हते, त्यांनी क्लिअर कोटला खड्डा पाडला होता. ती पुढच्या टप्प्यासाठी ठेवली.

शेवटी क्ले बार, रुतून बसलेले उरलेले कण ओढून काढणारी. मळून चपटी केलेली मऊ क्ले, खाली शॅम्पूच्या पाण्याचा भरपूर ओलावा, आणि जोर अजिबात नाही. वजन बोटांचं, हाताचं नव्हे. सुरुवातीला क्ले अडखळते, बारीक करकर ऐकू येते. काही फेऱ्यांत आवाज थांबतो आणि ती घसरायला लागते, मग पुढच्या जागेकडे जायचं. दर वेळी घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकूनच द्यायचा, त्यात रुतलेला एक खडा सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. क्लेचा रंग उजव्या दारांवर तपकिरी झाला. पुन्हा धुऊन, मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून गाडी कोरडी केली. बोअरचं पाणी आपोआप सुकू द्यायचं नाही, हा नियम आता काकांनी पाठ केलाय.

इथपर्यंत पॉलिशचा एक थेंबही लागला नव्हता, क्लिअर कोट जवळजवळ जसाच्या तसा होता, आणि गाडी ओळखू येईना. विटकरी छटा बरीचशी गेली होती. काका म्हणाले, “एवढंच बास आहे की.” खरं सांगायचं तर पुष्कळ गाड्यांना एवढंच बास असतं. इथे दारांवरची जाळी आणि बॉनेटचा पांढुरकेपणा शिल्लक होता, म्हणून पुढे गेले.

दोन फूट जागा

पॉलिशचा सगळा निर्णय बॉनेटच्या दोन फूट चौकोनात घेतला. मास्किंग टेपने जागा आखली. नियम साधा, सगळ्यात सौम्य उपाय आधी. मऊ फोमच्या पॅडवर फिनिशिंग पॉलिश, ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर, ज्याचं पॅड फिरता फिरता हेलकावतंही. पॉलिशचे चार मटाराएवढे थेंब, कमी वेगावर पसरवायचे, मग वेग वाढवून सावकाश आडवे-उभे हात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसून घेतलं. हे न चुकता करायचं, कारण पॉलिशमधलं तेल चरे भरून ठेवतं आणि दोन धुलायांनंतर पितळ उघडं पडतं. टॉर्च धरला. पांढुरकेपणा गेला होता, जाळी निम्मी शिल्लक. मग शेजारच्या चौकोनात मध्यम पॉलिश आणि थोडं कडक पॅड. जाळी जवळजवळ गेली, एकटेदुकटे खोल चरे राहिले.

पुढची पायरी कटिंग कंपाउंडची, म्हणजे सगळ्यात जास्त घासणाऱ्या पॉलिशची होती. ती मी घेतली नाही. उरलेल्या चऱ्यांपैकी बरेच नखाला लागत होते. नखाला अडणारा चरा साफ घालवायचा तर आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. शिवाय बारा वर्षं उघड्यावर काढलेल्या गाडीला अजून उघड्यावरच राहायचंय. क्लिअर कोट पातळ झाला की उन्हापासून रक्षणही तितकं कमी, आणि मग आज टपाला आलेली वेळ उद्या बॉनेटवर. पॉलिशच्या एका हलक्या फेरीत मायक्रॉन-दोन मायक्रॉनच जातात, तेवढा फरक गेज भरवशाने दाखवतही नाही. म्हणून किती काढलं हे मागाहून मोजायच्या भरवशावर राहता येत नाही. कुठे थांबायचं ते आधीच ठरवावं लागतं.

बॉनेटवर एक पक्ष्याच्या विष्ठेचा जुना डाग होता, रुपयाएवढा. विष्ठेत यूरिक अ‍ॅसिड असतं. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, विष्ठा सुकून आकसताना पृष्ठभाग ओढून घेते आणि तिथे कायमची सुरकुती पडते. काकांचा जीव या डागात अडकला होता. “एवढा एक काढ ना.” काढता आला असता, पण तिथला क्लिअर कोट किती उरला असता याची खात्री मी देऊ शकत नव्हते. दोन हलक्या फेऱ्या मारल्या, कड बोथट झाली, तिरप्या उजेडातच दिसतो आता. विष्ठा पडली की तासाभरात ओलं फडकं ठेवून मऊ करून उचलायची, घासायची नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं.

बाकी गाडीला मध्यम पॉलिशची एकेक फेरी. कडांना आणि बॉडीलाइनला, म्हणजे पत्र्यातल्या उठावदार घडीच्या रेषेला, टेप, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथेच जास्त दाबतं. काळ्या प्लॅस्टिकलाही टेप, त्यात पॉलिश शिरलं की पांढरं होऊन बसतं. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ. विजेसाठी सेक्रेटरींची परवानगी काढून मीटर रूममधून एक्स्टेन्शन ओढलं होतं. मशीन नसेल तर हाताने फोमच्या अ‍ॅप्लिकेटरनेही होतं, वेळ आणि खांदे दोन्ही लागतात. पण ड्रिलला लोकरीचं पॅड लावून प्रयोग करू नये. ते एकाच अक्षावर फिरतं, उष्णता एका जागी साठते आणि रंग जळतो. डाव्या मागच्या दारावर फक्त फिनिशिंग पॉलिश वापरलं. थर जाड म्हणून जास्त घासायला हरकत नाही असं वाटू शकतं, पण ती जाडी लांबीची (म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीची) आणि प्रायमरची असते. वरचा क्लिअर कोट किती ते एकूण आकड्यातून कळत नाही.

बॉनेटच्या पुढच्या कडेला दगड उडून पडलेले टवके होते, एकात गंजाची सुरुवात. तेवढा गंज बारीक पेपरने खरवडून, रस्ट कन्व्हर्टर लावून, गाडीच्या रंगाच्या कोडचा टच-अप रंग टूथपिकच्या टोकाने पातळ थरांत भरला. कोड सर्व्हिस सेंटरवाले चासी नंबरावरून सांगतात. हेडलाइट पिवळे होते, ते या खेपेला ठेवले.

टपाचं काय केलं

टपाच्या मागच्या भागाचं काही करू नका, असं मी स्वच्छ सांगितलं. क्लिअर कोट उडालेल्या जागी पॉलिश म्हणजे उरलेला रंग काढणं, आणि पोपड्याची कड मशीनखाली आली तर पोपडा आणखी सुटतो. बाजारातला स्प्रेचा डबा आणून वर क्लिअर मारावा, असं काकांच्या मुलाने सुचवलं. खाली सुटती कड असेल तर तो थरही तिच्यासकट निघतो. हा भाग रंगवणाऱ्याचाच.

फक्त तो पॉलिशच्या नंतर रंगवायचा, आधी नाही. रंगवणारा शेजारच्या भागाशी छटा जुळवतो. विटलेल्या, लोखंड बसलेल्या दारांशी जुळवून टप रंगवला असता आणि मग दारं उजळली असती, तर टप कायमचा वेगळा दिसला असता. आता दारांचा खरा लाल रंग समोर होता. ४५ हजारांवाल्याकडे न जाता काकांनी बेकिंग बूथ, म्हणजे रंग तापवून सुकवायची बंद खोली असलेला दुसरा गॅरेजवाला शोधला आणि अख्खा टप सात हजारांत रंगवला. छटा इतकी जवळ आली की खांबाशी डोळे नेल्याशिवाय जोड कळत नाही. नव्या रंगातलं सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो, म्हणून दोन महिने टपावर वॅक्स नाही, सीलंट (वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर) नाही, नुसतं धुणं.

संरक्षण, आणि पुसणारा मुलगा

नाइन-एच सिरॅमिकला मी नको म्हटलं. तो आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे. त्याचा अर्थ रंग दगडासारखा होतो असा नाही, वाळूचं फडकं त्यावरही चरे पाडतंच. बोअरच्या पाण्याचे डाग कोटिंगवरही पडतात. चांगलं कोटिंग छपराखालच्या, नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीला शोभतं. इथे सिंथेटिक सीलंट लावलं, दर तीन-चार महिन्यांनी काका स्वतः लावू शकतील असं. मशीन सोडून सगळ्या सामानाचा खर्च साडेचार हजारांच्या आत बसला.

पण फडकं तेच राहिलं असतं तर पुढच्या दिवाळीपर्यंत जाळी परत आली असती. म्हणून एका सकाळी आम्ही दोघं खाली जाऊन पुसणाऱ्या मुलाशी बोललो. काकांनी पैसे तेवढेच ठेवले, काम बदललं. रोज पुसायचं नाही. आठवड्यातून दोनदा, आधी मगभर-मगभर पाणी ओतून माती वाहवायची, मग काकांच्याच बादलीत, काकांच्याच मायक्रोफायबरने. रोज फक्त काचा. त्याला वाटलं काम कमी करून त्याला काढायचा विचार आहे, ते समजावायला वेळ लागला. टॉर्च लावून शेजारच्या गाडीच्या दारावरची जाळी आणि काकांच्या दारावरचं सपाट प्रतिबिंब दाखवलं, तेव्हा तो खाली बसून बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिला. मग विचारलं, “हे माझ्या कपड्यानं झालं?” काका म्हणाले, “तुझ्या नाही रे, आमच्या घाईनं.” आता आणखी दोन गाड्यांचे मालक आपापली फडकी त्याच्याकडे देतात.

पावसाळा गेल्यावर गाडी पुन्हा तपासली. बॉनेटवरच्या सीलंटवर पाण्याचे मणी ऑगस्टमध्येच बनेनासे झाले होते, म्हणजे तिथला थर झिजला होता; दारांवर ऑक्टोबरातही बनत होते. जाळी नगण्य. डिकीवर एखाददुसरं वर्तुळ, व्हिनेगरने गेलं. पिशवीच्या चाचणीत उजवी बाजू पुन्हा किंचित खरखरीत लागली. ते होणारच, गाडी उभी तिथेच राहते. दिवाळीच्या तोंडावर काकांनी मशीन आणायचा आग्रह धरला. “जरा आणखी चमकेल की.” मी मशीन वरच ठेवलं. आयर्न रिमूव्हरची अर्धी बाटली शिल्लक होती, तेवढी पुरली. मग धुऊन, टिपून, काकांनी स्वतःच्या हाताने सीलंटचा नवा थर दिला, या वेळी टपालाही.